सॉसेजचं सूप आणि जिभेचा संयम

१२ सप्टेंबर, शुक्रवार
रेणुका जर्मनीहून आली. शिक्षण संपलं. आता तिथे एक नोकरी तयार आहे आणि इथे हैदराबादेत, गच्चीबावलीत एक. महिनाअखेरीपर्यंत दोन्हीकडे उत्तर द्यायचंय. मी काही बोललो नाही. मुलांवर दबाव टाकू नये. फक्त तिच्या खोलीला नवे पडदे लावले आणि मेट्रोचा नकाशा सहज टेबलावर ठेवला.
जेवताना म्हणाली, थंडीत तिथे आम्ही एका घरात राहणाऱ्या सगळ्या पोरी मिळून सॉसेज आणि कोबीचं सूप करायचो, एकाच मोठ्या पातेल्यात. तिकडचं तेवढंच आठवत राहील, पप्पा.
मला लगेच उलगडा झाला. पोरगी सुपात अडकली आहे. सूप घरी मिळालं की जर्मनीत उरतं काय?
रेणुकाची आई मनकर्णा भांडी आवरताना म्हणाली, आठवत राहील म्हणाली ती. म्हणजे इथे राहतेच आहे. तुम्ही तेवढे गप्प बसा.
मनकर्णा शब्दांवर जाते. बापाला आतलं दिसतं.

१३ सप्टेंबर, शनिवार, वंदनेनंतर
निश्चय: सूप मी स्वतः करणार.
एक बारीक अडचण. वर्षावास चालू आहे. आषाढ पौर्णिमेला विहारात सगळ्यांसमोर उभा राहून सांगून बसलोय, की अश्विन पौर्णिमेपर्यंत मांस खाणार नाही. लोकांनी साधू, साधू म्हटलं. विहाराचे सेक्रेटरी नामदेवराव यांनी पाठ थोपटली. म्हणजे सूप करायचं, पण चाखायचं नाही. हरकत नाही. गावी आई पंगतीचा रस्सा न चाखता करायची. वासावरून मीठ सांगायची. ते माझ्यात उतरलेलं असणारच.
हिमायतनगरला जाऊन सॉसेज आणले. दुकानदार म्हणाला, साब, सूप में कायकू डालते, फ्राय करके खाव. मी म्हटलं, जर्मन पद्धत है. तो म्हणाला, हौ साब, पैसा आपका, पेट आपका. पोट माझं नाही हे त्याला समजावण्यात अर्थ नव्हता.

१४ सप्टेंबर, रविवार
रेणुका मैत्रिणीकडे. चाचणी घेतली.
व्हिडिओतला माणूस तासभर मंद आचेवर ढवळत बसतो. त्याच्याकडे कुकर नसावा. मी कुकर लावला. झाकण उघडलं तर सॉसेज फुटून खिमा झालेला, कोबी कुठेच नाही. रंगही आजाऱ्याच्या पेजेसारखा. म्हणून रश्श्यात घालतात ते गावचं येसर चिमूटभर टाकलं. मग आणखी थोडं.
मनकर्णाने भाकरी कुस्करून दोन वाट्या ओरपल्या. म्हणाली, रस्सा झकास झालाय, फक्त याला सूप म्हणू नका.
मी चाखलं नाही. चमचा ओठाला लावला. ओठ बाहेर असतात.
स्वस्त मिळाले म्हणून बरकतपुऱ्यातून कोबीचे चांगले मोठे गड्डे आणले होते. उरलेला कोबी चिरून, मीठ चोळून आईच्या बरणीत दाबला. गावी कैऱ्या अशाच टिकायच्या. बरणी बाल्कनीत ठेवली.

१८ सप्टेंबर, गुरुवार
बरणीतून बुडबुडे येताहेत. टिकण्याचीच काहीतरी प्रक्रिया असावी.
वरच्या मजल्यावरच्या भाग्यलक्ष्मीअम्मा खाली आल्या. तुमच्या बाल्कनीत उंदीर मेला का, विचारत होत्या. मी शांतपणे सांगितलं, प्रयोग आहे. मग त्या आणि मनकर्णा तेलुगूत बराच वेळ बोलल्या आणि खूप हसल्या. इतकी वर्षं हैदराबादेत काढली, पण मनकर्णाची तेलुगू मला झेपत नाही. माझं कौतुकच चाललं असणार. मा आयनगारू, मा आयनगारू असं ऐकू येत होतं. म्हणजे आमचे हे, एवढं मला कळतं.

२० सप्टेंबर, शनिवार
दुसरी चाचणी. कुकर नाही, येसर नाही. मंद आच. गाजर, बटाटा, तमालपत्र, शहाजिरे. ताजा कोबी.
मनकर्णाला विचारलं, कसं आहे? म्हणाली, गरम आहे. आणखी विचारलं. म्हणाली, सांगितलं ना, गरम आहे.
असा परीक्षक असल्यावर माणसाने काय करावं? त्यातच सॉसेजचा एक तुकडा ओट्यावर पडला. टाकून दिला असता तर एक जीव वाया गेला असता. ते जास्त अकुशल कर्म. नाइलाजाने तोंडात टाकला. पुढे आणखी दोन पडले.
संकल्प शाबूत आहे. खाणं आणि सांडलवंड आवरणं यात फरक आहे.

२१ सप्टेंबर, रविवार
विहारात नामदेवराव म्हणाले, उमाजीराव, चेहऱ्यावर तेज आलंय. शाकाहाराचं तेज लपत नाही. समारोपाला जिभेचा संयम या विषयावर दोन शब्द बोला. नाही म्हणणं अहंकाराचं झालं असतं. हो म्हटलं.

२५ सप्टेंबर, गुरुवार
मी आत गेलो की मायलेकी बोलायच्या थांबतात. मनकर्णा एवढंच म्हणाली, उद्या वरणफळं करते, पोरीला आवडतात. तुम्ही स्वयंपाकघरात येऊ नका. पाया पडते.
म्हणजे निर्णय अधांतरी आहे. उद्याच घाव घातला पाहिजे.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
ऐन वेळी कळलं, घरात ताजा कोबी नाही. बाहेर पाऊस, रस्त्यात गुडघाभर पाणी. बरणी उघडली. वासाने डोळ्यांत पाणी आलं. पण अन्न ते अन्न. तोच कोबी पिळून सुपात घातला. आज ओठालाही लावलं नाही. मोह झाला नाही, यालाच साधना म्हणतात.
रेणुकाने एक चमचा घेतला आणि चमचा खाली ठेवला. डोळे भरून आले. मनकर्णाने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.
मग रेणुका म्हणाली, पप्पा, अगदी तसंच. असंच आंबट असतं तिथे. तुम्हाला कसं जमलं?
तिने दोन वाट्या संपवल्या. तिथल्या मैत्रिणींना व्हिडिओ कॉल लावून पातेलं दाखवलं. मला हात हलवायला लावला. जर्मनमध्ये खिदळत होती. आल्यापासून असं हसली नव्हती.
वरणफळं तशीच राहिली. मोहीम फत्ते.

२७ सप्टेंबर, शनिवार
रेणुका सकाळी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, पप्पा, इथल्या कंपनीला हो म्हणायचा मेल लिहून ठेवला होता. काल पाठवणारच होते. पण सूप खाल्लं आणि ते स्वयंपाकघर, त्या पोरी, खिडकीबाहेरचा बर्फ, सगळं समोर आलं. तिकडे हो कळवलंय. तुम्ही रागावला नाहीत ना?
मी म्हटलं, छे. माझी पहिल्यापासून तीच इच्छा होती.
मनकर्णाने रेणुकाच्या खोलीतले नवे पडदे खसकन उतरवले आणि धुवायला टाकले.

७ ऑक्टोबर, मंगळवार, अश्विन पौर्णिमा
विहारात जिभेच्या संयमावर बोललो. लोकांनी साधू, साधू म्हटलं. मनकर्णा पहिल्या रांगेत पदर तोंडाला लावून बसली होती. भारावली असावी.
घरी आलो तर रेणुकाचा फोन. पोचून स्थिरावली. विचारत होती, पप्पा, कोबी किती दिवस ठेवला होता? इथे विकतचा आणतात, पण तुमच्यासारखा लागत नाही. मी म्हटलं, ते अंदाजाने असतं, बेटा.
संकल्प आज संपला. फ्रीजरमध्ये त्या दिवशीच्या सुपाची एक वाटी उरली होती, ती गरम केली. पहिल्यांदाच बसून, चमच्याने, रीतसर खाल्ली.
आंबट. नुसतं आंबट. घशाखाली उतरेना. तरी संपवली.
मनकर्णा समोर येऊन बसली. म्हणाली, कसं आहे?
म्हटलं, गरम आहे.