आंबलेल्या दाढा

ती. आई,
नमस्कार, आणि सलोनीचा गोड पापा.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला सध्या नीट बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. काळजीचं काही नाही. डावीकडच्या दोन दाढा भरून घेतल्या, तेव्हापासून चिंच न खाताच दात आंबलेत.

परवा पुन्हा डॉक्टरांकडे गेले. "कैसा दर्द है?" आता आंबण्याला हिंदीत काय म्हणायचं? मी म्हटलं, "दाँत खट्टे हो गए हैं." डॉक्टर खो खो हसले. "किसने हराया, मैडम?" हिंदीत दात खट्टे होणं म्हणजे सपाटून हरणं!

भरलेलं जरा उंच झालं होतं, ते त्यांनी घासलं. आता चावता येतं. गार पाण्यानं अजून कळ जाते, पण ती काही आठवड्यांत थांबेल म्हणाले. नाहीच थांबली तर रूट कॅनाल. ते आत्ताच कशाला?

तुझी दाढ काय म्हणतेय? अजून एकाच बाजूनं चावतेस ना? दाखवून घे बाई.

घरी ही गंमत सांगितली, तर सलोनी विचारते, "आई, आंबणं म्हणजे?" मी परोपरीनं समजावलं. शेवटी ती म्हणाली, "अच्छा, सेन्सिटिव्ह!" आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं. कळ आली गं, पण दाढेत नाही.

पुण्याहून कुणी इकडे येणार असेल, तर वाटीभर रायआवळे पाठव. मला नकोत. सलोनीचे दात आंबवायचेत.

तुझी,
सुखदा