हिंदीत सगळं ठीक होतं

प्रिय सिस्टर रोझलिन,

१. मागच्या महिन्यात तुम्ही गेलात.
२. मातीला मोहगावचे लोक आले. तुमच्याबद्दल सगळे हिंदीत चांगलं बोलले.
३. तुमच्या जागी केरळहूनच नवीन सिस्टर येत आहेत. त्यांना हिंदी शिकवाल का, असं मिशनने मला विचारलं आहे. मी उत्तर दिलेलं नाही.

म्हणून लिहिते आहे. तुमच्याशिवाय हे विचारू तरी कुणाला?

लॅब सुटली की मी हिंदी शिकवायला सौंसरच्या तुमच्या घरी यायचे. निर्जीव वस्तूंनाही स्त्री-पुरुष असतं, हे तुम्हाला पटतच नव्हतं. शेवटी बाजारातून लाल टिकल्यांचं पाकीट आणलंत आणि स्त्रीलिंगी वस्तूंना एकेक लावलीत. खुर्चीला टिकली, कढईला टिकली, पंखा तसाच. टिकल्या विकणारी बाई तुमच्या पांढऱ्या साडीकडे आणि पाकिटाकडे आळीपाळीने बघत राहिली होती म्हणे.

माझ्या काकूने विचारलं, मिशनवाले तुला बाटवतील तर नाही? मी म्हटलं, आम्ही अजून क्रियापदांवर आहोत. धर्माचं तुम्ही कधी काढलं नाहीत, मीही विचारलं नाही.

हिंदी तुम्हाला माझ्यापेक्षा शुद्ध येऊ लागली. तिथेच बिघडलं.

मुलगा गेल्यावर कुसुमबाईंजवळ नुसतं बसायला आपण मोहगावला गेलो, ते आठवतं? तुम्ही दारात हिंदीत बोललात आणि त्या आत जाऊन आधार कार्ड घेऊन आल्या. आमचा भाग मध्य प्रदेशात, पण घराघरांत मराठी; दारात हिंदी आली की सर्व्हे आला, नाहीतर वसुली. तुम्ही कार्ड हातात घेऊन तशाच उभ्या राहिलात.

नंतर किती वेळा गेलात! दर वेळी एकच उत्तर, “सब ठीक है, मॅडम.” एकदा तुम्ही पुढे निघालात आणि कुसुमबाईंनी माझा हात धरला. “पोरी, झोपच नाही येऊन राहिली. डोळे मिटले का पोरगा दिसते.”

रस्त्यात तुम्ही विचारलंत, मी सांगितलं. मग म्हणालात, “यानी हिंदी में वो ठीक है, और मराठी में सोती नहीं.”

जामसांवलीच्या गर्दीच्या बसमध्ये कंडक्टर सगळ्यांवर खेकसायचा, “मांगं सरका नं, बाप्पा!” आणि तुम्हाला म्हणायचा, “मॅडम, आप बैठिए.” तुम्ही माझ्या कानात विचारलंत, “मुझे कब डाँटेगा?” मी हसले नाही. आता वाटतं, हसायला हवं होतं.

मराठी शिकायची आहे, असं तुम्ही वर कळवलंत. बदली कुठेही होऊ शकते, राज्याची भाषा हिंदी आहे, तीच पुरे, असं उत्तर आलं. आणि तुम्ही ते ऐकलंत. का ऐकलंत, सिस्टर? एवढा एक हट्ट धरता आला नसता? मग नागपूरहून तुमच्या तपासणीचा रिपोर्ट आला आणि हट्टाला वेळच उरला नाही.

मातीच्या दिवशी कुसुमबाई फादरना म्हणाल्या, “बहुत अच्छी थीं.” मला बरं वाटलं. मग आम्ही दोघी बसची वाट बघत उभ्या होतो, तेव्हा त्या म्हणाल्या, “चांगलीच असन ते. पण मले कधी समजलीच नाही, पोरी. साहेबावानी बोले.”

लॅबमध्ये निकालाची शंका आली तर नमुना पुन्हा मागवता येतो. इथे कुणाकडून मागवू? तुम्हाला कुणीतरी आपलं म्हणून बोलायला हवं होतं. ते झालं नाही आणि आता होणारही नाही.

नव्या सिस्टरना उमेद वाटावी म्हणून मी काहीही गोड करून सांगणार नाही, एवढं कबूल करते. तुम्हाला उत्तम हिंदी येत होती, तुम्ही मनापासून येत होतात आणि तरी दार उघडलं नाही, असंच सांगेन.

मिशनला मला सोमवारी कळवायचं आहे. नव्या सिस्टरना हिंदी शिकवू की नको? रविवारी संध्याकाळपर्यंत उत्तर द्या.

तुमची,
हर्षदा
सौंसर