ललिता मॅडमचं अंतर

१३ मे
डबा परत आला. झाकणसुद्धा उघडलेलं नाही.
काल बुद्धपौर्णिमेची खीर केली, बदाम घालून. अक्षताच्या ललिता मॅडमसाठी वेगळी काढली होती. पोरगी मानसशास्त्र शिकते. वर्षभर मॅडमच्या नारायण पेठेतल्या दवाखान्यात त्यांच्या हाताखाली काम करायचं, मग पास की नापास ते मॅडमच कॉलेजला कळवणार. म्हटलं, बाईंचं तोंड गोड करावं.
अक्षता म्हणते, "आई, नियम आहे तो. शिकणाऱ्यांकडून काही घ्यायचं नाही, त्यांच्या घरी जायचं नाही. अंतर ठेवायचं असतं."
असं का. अंतर आम्हाला नवीन नाही. माझ्या सासूच्या ओंजळीत त्याच पेठेत वरून पाणी ओतायचे. तेव्हा त्याला शास्त्र म्हणायचे. आता मानसशास्त्र म्हणतात.

१४ मे
अक्षताला माझं बोलणं लागलं. खीर मीच खाल्ली. चांगली झाली होती.

१९ मे
गेले दवाखान्यात. न सांगता. भांडायचंच होतं.
मॅडम उठून उभ्या राहिल्या. "अहो, बसा ना." चहा मागवला, माझ्यासोबत स्वतःही घेतला, सारख्याच कपात. म्हणाल्या, "तुमच्या मुलीला उद्या मला सांगावं लागतं, की इथे तू चुकलीस. तुमच्या घरचं खाल्लं की माझी जीभ जड होणार. आणि मी कुणाचंच घेत नाही."
पटलं. काय करणार, पटलं तर पटलं. घरी येऊन अक्षताला म्हटलं, "सरळ आहे गं तुझी बाई." हसली पोरगी.

२५ मे
आज रविवार. तनुजाच्या स्टेटसला फोटो. ही तनुजा अक्षताबरोबरच मॅडमच्या हाताखाली शिकते, प्रभात रोडला राहते. तिच्या घरी आमरसाचं जेवण. आणि मधोमध कोण बसलंय – ललिता मॅडम! वाटीत रस, रसावर तूप, खाली लिहिलंय "आमच्या घरच्याच". अंतर म्हणाल तर पाटाला पाट लागलेला. नियमाला बहुतेक रविवारची सुट्टी असावी.
अक्षताने फोन पालथा ठेवला. म्हणाली, "पोळ्या कर, भूक लागलीय." जेवली मात्र अर्धीच.

२८ मे
अक्षताने मॅडमना तोंडावर विचारलं. मी शिकवलं नव्हतं.
उत्तर काय मिळालं? "तुझा राग खरा आईवर आहे, तो तू माझ्यावर काढतेयस. आपण त्यावर काम करू."
वा. जेवल्या त्या, दुखणं आमचं. आणि औषधही त्यांच्याकडेच.
मी म्हटलं, सोड ती बाई. तर म्हणे, "मधेच सोडलं तर वर्ष गेलं, आई. अहवाल त्याच लिहिणार."
मग कॉलेजात लेखी तक्रार दे.
"आणि त्या चिडल्या तर?"
चिडू देत. राग कुणावर आहे ते शोधत बसतील. येतं की त्यांना.
हसली नाही.

२ जून
अर्ज लिहून झाला. द्यायचा की नाही, अजून ठरत नाही. अक्षता सारखा वाचते, घडी घालते, परत उघडते. एकटीने द्यायचा म्हणजे मॅडमना बोट ठेवायला एकच नाव. तनुजाला विचार म्हटलं, तर मानेनेच नाही म्हणते. खरंय. तिचं तर ताट वाढलेलं. ती कशाला उठेल?

४ जून
तनुजा आली होती. न बोलावता, येरवड्यातलं आमचं घर शोधत. टेबलावरचा अर्ज वाचला आणि सही केली, तीही अक्षताच्या आधी. मग रडायलाच लागली.
"आम्ही नाही बोलावत हो काकू. त्या दर रविवारी येतात. शिकताना मन मोकळं करायचं असतं, म्हणून मी दवाखान्यात माझ्याबद्दल जे बोलते, ते आईबाबांना जेवताना सांगतात. नाही कसं म्हणू, मलाही त्याच पास करणार. अक्षताचं बरंय. तिच्या घरी त्या येत नाहीत."