घंगाळातलं कासव

१९ मे १९८७, बाळकुम

कासव अजून मोरीत, घंगाळात आहे! आज नीट दिसलं. इतके दिवस मीच पाणी बदलत असणार, पण आठवत नाही.

विहिरीचा गाळ काढायचा तर आधी कासव वर, ही ह्यांची पद्धत. दर उन्हाळ्यात स्वतः उतरायचे, बादलीत घालून वर पाठवायचे – ‘मालू, पाहुणा सांभाळ गं!’ संध्याकाळी पाहुणा परत विहिरीत. किडे खातं, पाणी निवळ ठेवतं म्हणायचे.

यंदा कासव वर आलं. मग खाली डिझेलचा पंप लावला. धूर आतच कोंडला. पंप बंद करायला हे उतरले, ते गेलेच.

हे लिहितानाही रडू येत नाही. बायका म्हणतात, ‘रड गं बाय, मोकळी हो.’ कुठून रडू?

२१ मे

कासवाला भात टाकला. खाल्ला नाही. मीही नाही.

२४ मे

धाकटे दीर आले, परशुराम भावोजी. गाव विहीर बुजवणार. ‘वहिनी, ते पाणी आता कोणाच्या घशाखाली उतरत नाही.’ नव्या बिल्डिंगवाल्यांचं डेबरिज, म्हणजे दगडविटांचा राडारोडा, फुकट मिळतंय म्हणे. मी ‘बरं’ म्हटलं. हल्ली मी सगळ्यालाच बरं म्हणते.

सासूबाई म्हणाल्या, ‘त्या कासवाला खारीन सोर गो. खारी कोनाला टाकीत नाय.’ जन्म खाडीवर गेलेली बाई, दुसरं काय सांगणार! पण हे म्हणायचे, कासव गोड्या पाण्याचं जनावर, खाडीत मरेल.

ते सासूबाईंना सांगितलं नाही. बरं म्हटलं.

२६ मे

सासूबाईंनी कासवाला हळदकुंकू लावलं, टोपलीत घातलं, खाडीकडे निघाल्या. मी दारात उभी. त्या वळणापर्यंत गेल्या आणि मी धावत सुटले – अनवाणी! टोपली हिसकावली. ‘त्यांनी वर काढलंय ते! मारायला नाही!’ केवढ्यानं ओरडले! सासूबाई रस्त्यातच बसल्या आणि रडल्या. मी नाही.

कासव पुन्हा घंगाळात. डोकं आत घेऊन बसलंय. पाय मऊ पडलेत त्याचे.

२९ मे

विहिरीपाशी डेबरिजचा ट्रक रिकामा केलाय. उद्या ढकलणार.

भावोजींना विचारलं, नाहीच बुजवली तर? ते म्हणाले, ‘वहिनी, ज्या घरचं माणूस गेलं, त्या घरानं पहिलं पाणी काढल्याशिवाय दुसरं कोण दोर टाकणार? आणि तुम्हाला कोण सांगणार, काढा म्हणून?’

३० मे

उजाडताच कासव बादलीतून खाली विहिरीत सोडलं. एकदा वर आलं, श्वास घेतला, बुडालं. मग दोर टाकला. हंडा घरी आणला. सासूबाई पेला तोंडाला लावून डोळे मिटून प्यायल्या. दुसऱ्या खेपेला गेले तर शेजारची रंगूबाई कळशी घेऊन विहिरीवर उभी! तिला बघून, तिथेच, सगळ्यांदेखत – रडले.