दीवानसाहेबांसाठी काढलेली मिशी

८ जानेवारी २०२५, बुधवार. सकाळी ९.४०
शेखर दीवान गेले. टीव्हीवर पट्टी आली. पहाटे, झोपेतच. वय अठ्ठ्याहत्तर.
दुकानाचं शटर अर्धं पाडलं. पूर्ण पाडलं त गिऱ्हाईक वापस जाते. दुकानाचं नावच 'दीवान स्टुडिओ, पासपोर्ट फोटो व झेरॉक्स' हाय, म्हणजे हे घरचंच दुःख झालं. अख्ख्या बालाघाट जिल्ह्यात त्यांचा माह्यापेक्षा मोठा फॅन असंल त त्यानं समोर यावं. एकसष्ट सिनेमे, सगळ्यांच्या रिलीजच्या तारखा पाठ. ८९ साली मुंबईहून त्यांचा सहीवाला फोटो आलता. सही छापील हाय असं आमच्या फॅन क्लबातला हेमराज म्हणते. जळते तो.
पहिला सिनेमा वारासिवनीच्या टॉकीजमध्ये पाह्यला. नऊ वर्षांचा होतो. सायकलच्या डंडीवर बसून गेलतो. डंडीचा वळ तीन दिवस होता, पण दीवानसाहेब डोक्यातून आजपर्यंत नाही उतरले.
उद्याची कामं: फॅन क्लबची मीटिंग. बाबूजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख घेणे.

९ जानेवारी
मीटिंग झाली. अकरा मेंबर. मी अध्यक्ष असल्यानं शेवटी बोललो, पण बोललो असा की सगळे चूप. ठरलं की दहाव्या दिवशी वैनगंगेच्या घाटावर अकराही जण डोकं भादरतील. सख्ख्या पोरांनं करावं तसं. व्हिडिओ निघंल, व्हायरल होईल, मुंबईहून दीवानसाहेबांच्या पोराचा फोन येईल. फोनवर काय बोलायचं ते लिहून ठेवलं. मग तेराव्या दिवशी तेरवी.
घरी सांगतलं. नूतन भाकरी थापून राह्यली होती. म्हणे, अहो, बापाच्या मागं केस काढतेत. तुमचे बाबूजी आतल्या खोलीत बसून चहा मागून राह्यले, तुम्ही कोणासाठी काढता?
बायकोले कलेची कदर नसली की असं होते.
बाबूजीले सांगतलं नाही. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाले उगाच टेन्शन कायले द्यायचं?
ऑपरेशनची तारीख राह्यली. सोमवारी पक्की.

१२ जानेवारी, रविवार
काली पुतली चौकात फ्लेक्स लागला. 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली अकराही जणांचे फोटो, अध्यक्षाचा थोडा मोठा. दीवानसाहेबांचा फोटो वरच्या कोपऱ्यात बसवावा लागला, जागाच नाही उरली. एक बाई मले विचारे, कावो, हे अकरा जण एकाच गाडीत होते का?

१७ जानेवारी, शुक्रवार. दुपारी
भादरलं.
घाटावर सकाळी सातले पोचलो. थंडी अशी की दात वाजत होते. अकरापैकी आम्ही दोघं, मी अन हेमराज. बाकीच्याईचे फोन बंद. हेमराजनं शर्ट काढला, एक पाय पाण्यात घातला अन म्हणे, राजूभाऊ, माझे बाबूजी हायेत ना जिते, मले कसं जमंल? मी व्हिडिओ काढतो.
हे त्याले पाण्यात पाय घातल्यावर आठवलं.
मी मागं हटलो नाही. तेजराम न्हावी बाबूजीची दाढी कराले दर बुधवारी घरी येते. त्याचा वस्तरा हवेतच थांबला. म्हणे, दादा, बुढा जिता हाय, परवाच दाढी केली मी त्यायची. मी म्हटलं, चालव. अर्धं डोकं झाल्यावर म्हणे, मिशी त राहू द्या, मिशी बाप गेल्यावरच काढतेत. मले दीवानसाहेबांचा शेवटचा सीन आठवला, भरून आलं. म्हटलं, मिशीही काढ.
तेजरामले बजावलं, बाबूजीसमोर चकार शब्द नाही. त्यानं वस्तरा पुसला, मान हलवली.
बाबूजीले तसंही अंधुक दिसते. अन थंडीची माकडटोपी हायच. म्हणजे ऑपरेशन लांबलं हे एका हिशेबानं बरंच झालं.

१८ जानेवारी
व्हिडिओ टाकला. हेमराजच्या बोटानं अर्धी स्क्रीन झाकली हाय. तेवीस जणांनं पाह्यला. त्यात नऊ वेळा मीच.
नूतननं ताटात पोळी ठेवली अन माह्याकडं पाह्यलंच नाही. आरशात मलेही माह्याकडं पाहवलं नाही. मिशी गेली की वरचा ओठ एवढा लांब दिसते हे कोणी सांगतलं नव्हतं.

१९ जानेवारी, रविवार
दुकानात नथ्थू आलता, आधारची झेरॉक्स काढाले. माही बहीण राखी, तिच्या सासरचा, किरनापूरचा शेजारी. माह्या डोक्याकडं पाहून त्याचा चेहराच पडला. हळूच म्हणे, कवा गेले?
पहिला माणूस भेटला ज्यानं आपुलकीनं विचारलं! मी म्हटलं, आठ तारखेले. पहाटे, झोपेतच. वय झालंतं, पण असा माणूस आता होणे नाही. नथ्थूच्या डोळ्यात पाणी आलं. म्हणे, मले लय मानत होते ते. मी म्हटलं, सगळ्याईलेच मानत होते. त्यानं माह्या खांद्यावर हात ठेवला अन झेरॉक्स न घेताच गेला.
किरनापूरमध्येही दीवानसाहेबांचे एवढे चाहते हायेत हे मले माहीत नव्हतं. तिथं शाखा काढली पाहिजे.

२० जानेवारी, सोमवार
तेरवी. बुंदीची पाकिटं केली होती. हेमराज आला, दोन घेऊन गेला. बाकीची चौकात वाटली. लोक विचारत, कोण्या पार्टीची?
टीव्हीवर मुंबईची प्रार्थनासभा दाखवली. दीवानसाहेबांचा पोरगा पहिल्या रांगेत बसलता. केस तसेच, वरतं जेल लावून उभे केलेले. दाढी-मिशी एकदम टकाटक. शूटिंग चालू असंल बिचाऱ्याचं.
मग तो माइकवर म्हणाला, पप्पाचा कर्मकांडावर विश्वास नव्हता, फॅन लोकांनी कसलेही विधी करू नयेत.
बारा दिवस आधी सांगाले काय झालंतं?

२१ जानेवारी, मंगळवार. दुपारी २

सकाळी दहाले दारासमोर जीप थांबली. किरनापूरची. राखी उतरली, पदर तोंडात. मागून नथ्थू, राखीच्या सासरचे सात-आठ जण, एकाच्या हातात दुखवट्याच्या तांदळाची थैली. राखी दारातूनच रडत आली, भाऊ, तेरवी होऊन गेली अन मले तू फोनही नाही केला, मी काय मेली होती का रे?
बाबूजी ओसरीवर उन्हात बसून वटाणे सोलून राह्यले होते. म्हणे, कोण मेलं बाई?
राखी थांबली. मग अशी किंचाळली की शेजारचे धावत आले. बाबूजीच्या गळ्यात पडली. वटाणे सगळे अंगणात. नथ्थू हात जोडून बाबूजीलेच म्हणे, काका, मले राजूभाऊनंच सांगतलं, अठ्ठ्याहत्तर वय होतं, झोपेत गेले.
बाबूजी म्हणाले, मले ब्याऐंशी झाले.
मग मले जवळ बोलावलं. मी म्हटलं, बाबूजी, तो दुसऱ्याचा विषय होता. त्यायनं माही माकडटोपी काढली. डोक्यावरून हात फिरवला, मग तोंडावरून खाली. नाकाखाली बोट थांबलं.
मिशीही? एवढंच म्हणाले.
किरनापूरवाले चहा न घेता गेले. तांदळाची थैली ओसरीवरच राह्यली. तिचं काय करायचं कोणाले समजलं नाही.

२४ जानेवारी
बाबूजी तीन दिवसांपासून बोलत नाहीत. जेवण अर्धं. आज मीच जाऊन बसलो. म्हटलं, बाबूजी, त्या माणसाचे माह्यावर लय उपकार हायेत, नऊ वर्षांचा असल्यापासून.
तवा बोलले. म्हणे, वारासिवनीले तुले कोणं नेलतं? डंडीवर बसवून? तू आत सिनेमा पाहत होता, मी बाहेर सायकल धरून उभा होतो. वापस येताना तू झोपला, त एका हातानं तुले धरलं अन एका हातानं हँडल.
मी म्हटलं, हौ.
म्हणे, आता मी मेलो त काय काढशील?
मी म्हटलं, महिनाभरात येतेत बाबूजी केस. तोंडातून निघालं अन मलेच कसंतरी झालं.

१० फेब्रुवारी
केस: बाजूले थोडे. वर काही नाही.
नूतन म्हणे, वर होते कवा? डाव्या कानावरचे वाढवून उजवीकडं नेले होते तुम्ही, त्याले अकरा वर्षं लागलीत.
मिशी आली, पण पांढरी अन तुरळक. तेल आणलं, दोन टाइम लावून राह्यलो. बाटलीवर सहा आठवडे लिहिलं हाय.
बाबूजीले खोकला. थंडीचा असंल.

२६ फेब्रुवारी
ऑपरेशनच्या तारखेसाठी खरंच गेलो. डॉक्टर म्हणे, आधी खोकला जाऊ द्या. छातीचा फोटो काढा. काढला. डॉक्टरनं फोटो दोनदा उजेडाकडं धरून पाह्यला. मग म्हणे, वय हाय ना, सांभाळा. त्याले म्हटलं, नीट सांगा. म्हणे, नीटच सांगून राह्यलो.
बाबूजी आता रोज सकाळी मले खाटेजवळ बोलावतेत. डोक्यावर हात, मग ओठावर बोट. धान वाळलं का पाहतेत तसं. आज म्हणाले, आलं नाही अजून. थांबतो.
दुकानात येऊन शटर पूर्ण पाडलं. लय रडलो.

१ मार्च
आयडिया सुचली. आजपर्यंतची सगळ्यात बेस्ट.
तेल बंद. दर शनिवारी तेजरामकडं जायचं अन आलेलं सगळं साफ. केस येणार नाहीत, बाबूजी थांबतील. आजच काढून आलो. तेजरामनं विचारलं, आता कोण गेलं? मी म्हटलं, कोणी नाही, कोणी जाऊ नये म्हणून. त्यानं वस्तरा खाली ठेवला, बाहेर जाऊन बिडी ओढली, मग येऊन केलं.
बाबूजीले सांगू नको म्हणून बजावलं.

२ मार्च
बाबूजीनं हात फिरवला. गुळगुळीत. म्हणाले, थांबतो. जमलं!

५ मार्च, बुधवार. सकाळी
आज बुधवार हे मी विसरलो होतो. तेजराम बाबूजीची दाढी करून गेला. जाता जाता माह्याकडं न पाहता म्हणे, दादा, एक बार चूप राह्यलो त पाप लागलं, आता नाही.
आत गेलो. बाबूजी उशीले टेकून बसले होते, दाढी ताजी, गालाले तुरटी लावलेली. हात पुढं केला. मी खाली वाकलो. बराच वेळ हात डोक्यावरच होता.
म्हणाले, असं कोणी थांबते का बे, राजू.
मग खोकला आला. पाणी दिलं. म्हणाले, वाढू दे मिशी.
हौ म्हटलं. दुसरं काय म्हणू.