बाहेर जायचं दार

४ एप्रिल
साथीत डीन स्वतःच आजारी. आजपासून हॉस्पिटल माझ्या ताब्यात. इतकी वर्षं डॉक्टर मला नुसता अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून हिणवायचे, आता बघा म्हणावं. कॅन्टीनचा वॉर्ड केला, ऑपरेशन थिएटरचं आयसीयू. नातेवाईकांना आत पूर्ण बंदी, माहिती फोनवर. गर्दी नाही म्हणजे भांडण नाही.

बायको इथेच सिस्टर आहे. तिने विचारलं, फोन उचलणार कोण. हिला शंका काढायची सवयच आहे.

९ एप्रिल
फोन उचलायला माणूस नाही. किरकोळ अडचण. दुपारी एकाने चौकशीची खिडकी फोडली. त्याचा भाऊ परवाच गेला होता, ते त्याला आज कळलं. क्लार्कच्या कपाळाला टाके. माझ्या कानफटात एक सणसणीत. त्या माणसाला प्रोसिजर समजलेली नाही.

संकल्प: संयम. आणि जाड काच.

१५ एप्रिल, संध्याकाळ
जाड काचेसाठी नातेवाईकांनी मोठे दगड आणले. वॉचमनचे दात पडले. अँब्युलन्स उलथवून पेटवली. मी परिस्थिती खंबीरपणे हाताळली, स्टोअररूममधून, आतून कडी लावून. बायको म्हणते, रोज संध्याकाळी एका सिस्टरने गेटवर उभं राहून ज्याच्या त्याच्या माणसाची खबर द्यावी, लोक शांत होतील. काहीतरीच! असं केलं तर लोक डोक्यावर बसतील.

१८ एप्रिल
मास्टरस्ट्रोक! जमाव वॉर्डाच्या मागच्या दाराने घुसतो ना? वेल्डर बोलावून ते दारच कायमचं बंद करून टाकलं. बायकोने विचारलं, वेळ आली तर आतल्यांनी पळायचं कुठून. मी म्हटलं, पळायचंच कशाला? तेव्हापासून अबोला.

२३ एप्रिल
पुढच्या दाराने आले. सळया घेऊन. सिस्टर मागे धावल्या आणि बंद दारापाशी कोंडल्या गेल्या. एका म्हाताऱ्या पेशंटवर कुणीतरी सळई उगारली, बायको आडवी गेली. खांद्याचं हाड मोडलं, डोक्याला खोक, फरशीभर रक्त. शेवटी त्याच वेल्डरने दार कापून सगळ्यांना बाहेर काढलं.

मी तिला जोरात हाक मारली होती. कुणालाच ऐकू आली नाही म्हणतात. स्टोअररूमचं दार जाड आहे.

१२ जून
लाट ओसरली. डीन परतले. थिएटर पुन्हा थिएटर झालं, कॅन्टीनमध्ये चहा मिळतो. नातेवाईकबंदी मात्र मी हट्टाने कायम ठेवून घेतली. लागलेली शिस्त मोडू नये.

बायको माहेरी आहे. माझा फोन उचलत नाही. खांदा दुखत असणार.

२० जून, सकाळ
तिच्या खांद्याचं दुसरं ऑपरेशन, आपल्याच हॉस्पिटलात. मला वॉर्डबॉयकडून कळलं. सुट्टी टाकून नवरा म्हणून गेलो. गेटवरच्या नव्या वॉचमनने अडवलं. मी कोण ते सांगितलं. तो म्हणाला, सगळे असंच सांगतात. रेटून आत शिरलो, तर पोटात दंडुका. वाकलो, तर पाठीत आणखी दोन. ट्रेनिंग चांगलं झालंय.

मग त्याने आत फोन लावला. बायकोने निरोप दिला, माझं बाहेर कोणी नाही.

भुलीच्या औषधाने माणूस काहीही बोलतो. मनावर घ्यायचं नाही.

दुपार
ऑपरेशन अजून सुरूच झालेलं नाही म्हणे. म्हणजे भूलही दिलेली नाही.

संध्याकाळ
सकाळपासून गेटबाहेर उभा आहे. पाठ ठणकतेय. इथली बाकडी मीच काढायला लावली होती, गर्दी नको म्हणून.