पानमळ्यातली तिची ओळ

बाबा, आज सकाळी आंघोळ करून, पायताण दाराबाहेर काढून मी पानमळ्यात शिरलो आणि माझ्यामागून माझी मुलगी आत आली. तुमच्या हयातीत या दारातून एकाही बाईमाणसाला तुम्ही आत येऊ दिलं नव्हतं.

गावच्या शाळेनं मला चौथीपर्यंत अक्षर दिलं. पण मी कोण, हे वेल बांधता बांधता कळलं. मी हुबेहूब तुमच्यासारखी गाठ मारायचो आणि संध्याकाळी तुम्ही ती सोडून टाकायचात. "माही नक्कल करून राहिला का बे? हा हात माहा हाय. तुहा कुठी हाय?" मी चिडायचो, रडायचोही. मग एका दिवशी तुम्ही माझ्या ओळीतून चालत गेलात, एकही गाठ सोडली नाही. "पानी सोड आता," एवढंच म्हणालात. त्या दिवशी तुमचा मुलगा असण्यापलीकडे मी आणखी कुणीतरी झालो.

मुलगी चांदूर रेल्वेच्या सासरहून विधवा होऊन आली, तेव्हापासून चुलीपाशी बसून असते. हाक मारली की दचकते, जणू ते नाव दुसऱ्या कुणाचं. एकदा म्हणाली, "बाबा, मले वेल बांधाले शिकवा. सासरी मी सून होती. इथं आता कोन हाओ?" मी तुमचाच नियम सांगितला, बाईचा हात लागला की वेल सुकतो. आतून माझी बायको कडाडली, "मागच्या साली अर्धा मळा वाळला, तवा कोन्त्या बाईनं हात लावला होता?" पण मळा राखणाऱ्या नागदेवाच्या कोपाची भीती खरी होती, बाबा. अजून आहे.

आज ती बांधते आहे. गाठी सैल पडतात. माझ्या धाकट्या भावानं बाहेरूनच पाहिलं. "दादा, आता या मळ्यात माहा पाय नाही," म्हणाला आणि निघून गेला. तिचे हात थांबले. "जाऊ का मी?" मी म्हणालो, "ओळ पुरी कर."

पूर्वेकडची ती ओळ मी तिला देऊन टाकली. भाऊ परत येईल असं वाटत नाही. वेल राहतील की सुकतील, तेही ठाऊक नाही. तिला आत आणण्याआधी दिवा लावून नागदेवाला विचारलं होतं. तुम्हाला मुद्दाम विचारलं नाही; तुम्ही नको म्हटलं असतं, आणि मी ऐकलं असतं.